सत्यवतीची चुंबळ

सत्यवती तायडेला मी ओळखते ती आमच्या चर्चमुळे. अकोला शहर बार्शीटाकळीच्या बाजूला जिथं संपतं, तिथं तिचं दोन खोल्यांचं घर आहे. रविवारी उपासनेला ती माझ्या मागच्या बाकावर बसते, मोठ्यानं आणि बेसूर गाते, आणि कुणी मागं वळून पाहिलं तर आणखी मोठ्यानं गाते. मी जन्मभर शाळेत मराठी शिकवलेली बाई. माझ्यापेक्षा कुणाचा आवाज वर गेलेला मला खपत नाही. तरी हिच्याशी माझं जमलं, कारण ही तोंडावर बोलते आणि नंतर चहाही आणून देते.

सत्यवती रेजा. म्हणजे बांधकामावर विटा, रेती, कालवलेला माल डोक्यावर वाहून मिस्त्रीपर्यंत पोचवणारी बाई. भिंतीवर पुरुष आणि घमेल्याखाली बाई, हा नियम आमच्याकडे कुणी लिहिलेला नाही, पण मोडलेलाही कुणी पाहिला नव्हता. तिचा नवरा जीवन मिस्त्री आहे. दोघं जोडीनं कामाला जात. तो भिंतीलगतच्या बांबूच्या परांचीवर चढून "माल!" म्हणून हाक द्यायचा आणि ही खालून घमेलं वर करायची. लग्न झालं तेव्हापासून तिनं ही हाक ऐकली. संध्याकाळी त्याची करणी, म्हणजे माल लावायची थापी, धुऊन, पुसून, फडक्यात गुंडाळून ठेवायचं कामही तिचंच. करणी रोज तिच्या हातात असायची, पण त्या करणीनं एक वीट बसवायची वेळ तिच्यावर कधी आली नव्हती.

मागच्या वर्षी तिची मान गेली. हात बधिर व्हायला लागले म्हणून मी तिला डॉक्टरकडे नेलं. त्यांनी मानेचा एक्स-रे दिव्यासमोर धरला आणि सांगितलं, मणके घासलेत, डोक्यावर वजन घेणं बंद. जीवनला हे कळल्यावर तो वाईट वागला असं मी म्हणणार नाही. तो म्हणाला, "मंग घरी बस. मी आहे ना कमवाले." त्याच्या दृष्टीनं प्रश्न मिटला.

सत्यवती मात्र माझ्या ओट्यावर येऊन रडली. मी तिला रडताना पहिल्यांदाच पाहिलं. "बाई, घरी बसून मी काय करू? टीव्ही पाहू? पहाटे डबा बांधून कामावर जाणारी बाई आहे मी. मले घरी बसवलं तं मी सरून जाईन." आणि दुसऱ्याच दिवशी ती पुन्हा कामावर गेली, मान एका बाजूला धरून. दुसरा मार्गच नव्हता. एक तर मान मोडेपर्यंत ओझं उचलायचं, नाहीतर घरी बसायचं.

त्याच सुमारास आमचे पाळक रोहित यांनी मंडळीसमोर एक गोष्ट मांडली. नेपाळच्या डोंगरात भूकंपानं घरं पडली होती. तिथल्या मंडळीनं बोलावलं होतं, चार हात मदतीला या, घरं उभी करायची आहेत. वऱ्हाडातल्या चर्चमधून मिळून एक गट जाणार होता. नावं भराभर आली. शिक्षक, औषधाच्या दुकानाचा मालक, दोन कॉलेजच्या मुली आणि मी. बांधकामातलं कुणालाच काही कळत नव्हतं. रोहित पाळकांनी जीवनकडे पाहिलं. जीवननं स्लॅबचं काम अंगावर घेतलं होतं, ते सोडवत नव्हतं. तो हसून म्हणाला, "मले नाई जमत. हिले घेऊन जा. माल तं कालवून देईन थे तुमाले."

सगळे हसले. सत्यवती हसली नाही. ती उभी राहून म्हणाली, "जाते."

रेल्वेनं गोरखपूर, तिथून बसनं सीमा, पुढं जीप. जीप वळणं घेत वर जायला लागली तशी मी डोळे मिटून प्रार्थना सुरू केली, आणि सत्यवती खिडकीतून तोंड बाहेर काढून बघत बसली. अकोल्याची सपाट काळी रानं पाहून मोठी झालेली बाई ती. "बाप्पा! बाई, पाहा तं खरं, जमीनच उभी केली याइनं," असं ती मला दर वळणाला सांगत होती. मी शेवटपर्यंत डोळे उघडले नाहीत.

गाव डोंगराच्या कुशीत होतं. ज्याचं घर बांधायचं तो शेळ्या पाळणारा माणूस, बायको आणि म्हाताऱ्या आईसह पत्र्याच्या आडोशाखाली राहत होता. थंडी पडायच्या आत त्यांना छप्पर हवं होतं. पहिल्या दिवशी सकाळी प्रार्थना झाली आणि रोहित पाळक कामं वाटायला लागले. सत्यवतीनं वाट पाहिली नाही. तिनं पिशवीतून जुन्या लुगड्याचा पट्टा काढला, बोटांनी पिळून गोल केला आणि डोक्यावर ठेवला. ही तिची चुंबळ. ओझं डोक्याला टोचू नये म्हणून ठेवतात ती. मी तिला डोळ्यांनी दटावलं, डॉक्टरांची आठवण करून दिली. तिनं माझ्याकडं पाहिलंच नाही. माल कालवला, घमेलं भरलं, उचललं आणि सरळ गेली ती अर्धवट बांधलेल्या भिंतीला टेकून उभ्या असलेल्या उंच, जाकीट घातलेल्या माणसासमोर.

"मिस्त्री, माल."

तो माणूस गोंधळून आमच्याकडे बघायला लागला. तो जीपचा ड्रायव्हर होता. बिचारा चहाची वाट पाहत होता.

तेवढ्यात वरून आवाज आला, "माल इधर लाओ, बहिनी." परांचीवर एक बाई उभी होती. पायात रबरी बूट, अंगात पुरुषी शर्ट, डोक्याला रुमाल आणि हातात करणी. ती मनमाया. त्या साईटची मिस्त्री. सत्यवती घमेलं डोक्यावर घेऊन तशीच उभी राहिली. मग हळूच मला म्हणाली, "बाई, हे बाई भिंतीवर काहून चढली?"

जेवणाच्या वेळी मी मनमायाला हिंदीत विचारून घेतलं आणि सत्यवतीला सांगितलं. आधीच्या एका मोठ्या भूकंपानंतर घरं बांधायची होती आणि गावातले पुरुष आखाती देशांत, मलेशियात कामाला गेलेले. मग बायकाच शिकल्या. मनमाया आता चार गावांत भिंती बांधत होती. सत्यवतीनं भातात डाळ कालवता कालवता सगळं ऐकलं. म्हणाली, "म्हंजे पुरुष घरी नव्हते म्हनून बाया वर चढल्या. आमचे तं रोज घरी येतात. आमचा नंबर कदी लागन?" मला हसू आलं. तिला आलं नाही.

पुढचे काही दिवस ती माल देत होती आणि मान वर करून बघत होती. एकदा वर देता देता तिच्या हातातलं घमेलं निसटलं. डावा हात बधिर झाला होता. मनमाया खाली उतरली. तिनं सत्यवतीच्या मानेवर अंगठा दाबला तशी ही कळवळली. मनमायानं तिच्या डोक्यावरची चुंबळ काढून तिच्याच हातात दिली, आणि दुसऱ्या हातात आपली करणी.

"ऊपर आओ."

"मले नाई जमत," सत्यवती मराठीतच म्हणाली. मनमायाला ते कळलं असावं, कारण तिनं फक्त परांचीकडे बोट दाखवलं. सत्यवतीनं चुंबळ कमरेला खोचली आणि वर चढली. करणी अशी धरली होती की जणू हातात गरम तवा आहे. आम्ही सगळे खाली उभे राहून बघत होतो. मी माझ्या आयुष्यात पहिल्यांदा घमेलं उचललं, कारण आता माल कुणीतरी द्यायला हवा होता.

तिनं बांधलेली पहिली भिंत मला सुंदर वाटली. मी टाळ्याही वाजवल्या. संध्याकाळी मनमायानं ओळंबा सोडला, दोरीला लटकलेल्या त्या लोखंडी लंबकाकडे डोळा बारीक करून पाहिलं, आणि बुटाचा पाय लावून भिंत ढकलली. ओला माल होता, भिंत धाडकन खाली आली.

माझा पारा चढला. मी मनमायाच्या अंगावर धावूनच गेले. पाहुण्यांना असं वागवतात का, तिनं दिवसभर कंबर मोडून बांधलं, असं मराठी-हिंदीची खिचडी करून मी तिला सुनावत होते. सत्यवतीनं माझा दंड धरला.

"बाई, तुमी मधात पडू नका. भिंतीले पोट सुटलं होतं."

"मला तर दिसलं नाही."

"मलेबी नाई दिसलं. मी एवढी वर्सं भिंत खालून पाह्यली. वरून पाहाले मले कोन देल्ली?" ती खाली बसून विटांवरचा ओला माल करणीनं खरवडायला लागली, म्हणजे विटा पुन्हा वापरता येतील. "पाडली ते बरं केलं. थे चांगली बाई आहे."

मनमायानं तिची आणखी एक भिंत पाडली. तिसरी ठेवली. खिडकीच्या वर गेलेली ती पूर्वेची भिंत पूर्ण सत्यवतीची. छपराचे पत्रे चढले त्या दिवशी सगळ्यांनी घरात उभं राहून प्रार्थना केली. शेळीवाल्याची म्हातारी आई आत येऊन नेमकी त्याच भिंतीला पाठ टेकून बसली. सत्यवतीनं ते पाहिलं. एरवी तिची प्रार्थना दोन गल्ल्या ऐकू जाते. त्या दिवशी तिचे नुसते ओठ हलत होते आणि गालांवरून पाणी वाहत होतं. मलाही आवरलं नाही. निघताना मनमायानं आपली जुनी, घासून धार आलेली करणी तिला दिली.

परतल्यावर आमच्याकडे साक्ष द्यायची पद्धत आहे. म्हणजे देवानं काय केलं ते मंडळीसमोर उभं राहून सांगायचं. औषधवाल्यानं डोंगराचं वर्णन केलं, मुलींनी गाणं म्हटलं, मी जरा लांबलेच. शेवटी सत्यवती उठली. "प्रभूनं मले मिस्त्री केलं," ती म्हणाली. "आता मी माल देनार नाई. कोनाले भिंत बांधाची असन तं सांगा."

जीवन पुरुषांच्या बाकावर बसला होता. त्याच्या शेजारच्यानं त्याला कोपर मारलं आणि हसला. जीवन उठून बाहेर गेला.

घरी काय बोलणं झालं ते मला तिनं नंतर सांगितलं. तो म्हणाला होता, "ठिय्यावर मले काय म्हनतीन? बायको वर अन् मी घमेलं उचलू?" ती म्हणाली, "म्या उचललं नाई काय?" त्यावर तो जेवला नाही. दुसऱ्या दिवसापासून त्यानं दुसरी रेजा लावली.

आणि सत्यवती रोज सकाळी करणी घेऊन मजुरांच्या ठिय्यावर जाऊन उभी राहायला लागली. ठेकेदार यायचे, विचारायचे, "रेजा पाह्यजे, चालतं का?" ही सांगायची, "मिस्त्री आहे मी." काही हसायचे. एकानं फोटो काढला. बाकीचे दुसऱ्या बाईला गाडीवर बसवून निघून जायचे. दहा वाजले की ठिय्या रिकामा व्हायचा आणि ही घरी यायची. तिच्या तोंडावर निराशा नव्हती, राग होता. रागावलेल्या माणसाची मला काळजी वाटत नाही.

एके दिवशी मी तिला ठिय्यावरून परस्पर माझ्या मागच्या अंगणात नेलं. काळ्या मातीनं माझी मागची भिंत फाडून आडवी केली होती. उन्हाळ्यात भेगा पडतात, पाण्यानं माती फुगते, आणि वरवरचा पाया असला की भिंत जाते. मी म्हटलं, "ही बांधून दे."

ती कंबरेवर हात ठेवून बघत राहिली. "तुमी माह्यावर दया करून राहिल्या का बाई?"

"मी कुणावर दया करते? शाळेत विचार कुणालाही."

ते तिला पटलं. दोन मजूर लावून तिनं पाया खोदायला लावला, मुरूम लागेपर्यंत. मी मध्येच म्हटलं पुरे, तर माझ्याकडे असं पाहिलं की मी चहा करायला आत गेले. बांधकाम सुरू झालं तेव्हा रेजा मीच. अर्धं घमेलं भरायचं, पोटाशी धरायचं आणि देवाचं नाव घेत परांचीपर्यंत न्यायचं. ती वरून "माल!" म्हणून ओरडायची. मी म्हणायची, "आणते ना, मी काय तरणी आहे?" गल्लीतल्या बायका गच्चीवरून बघायच्या. त्यातली एक म्हणाली, बाई, या वयात? मी म्हटलं, या वयातच.

भिंत छातीपर्यंत आली त्या दिवशी दुपारी जीवन आला. जवळच कुठं काम होतं, असं म्हणाला. मला ते खोटं वाटलं. तो भिंतीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालला. बोटानं सांधे दाबून पाहिले. मग खिशातून स्वतःचा ओळंबा काढला. त्या माणसानं मुद्दाम ओळंबा आणला होता. सत्यवती वरून बघत होती.

एका कोपऱ्यात तो थांबला. पुन्हा ओळंबा सोडला. "इथं दोन सूत, पाव इंच, बाहेर आहे," तो म्हणाला. आवाजात थोडा आनंद होता, मला तो ऐकू आला. "प्लास्टरमधी दबून जाईन. कोनाले दिसत नाई."

सत्यवती खाली उतरली. डोळा बारीक करून पाहिलं. मग दोन्ही हात लावले आणि तासाभरापूर्वी रचलेले वरचे तीन थर ढकलून दिले. विटा धबधब खाली पडल्या. मी ओरडलेच. माझ्या कंबरेनं ते सगळे वाहून नेले होते.

जीवन मागं सरकला. "अवं, काहून पाडलं? मी म्हनलं ना, प्लास्टर—"

"मले माहीत आहे ना," ती म्हणाली. "थे भिंत बाईची आहे. मीच बांधली. मीच पाडीन."

जीवन पडलेल्या विटांकडे बघत राहिला. इतक्या वर्षांत त्यानं स्वतःची भिंत कधी पाडली होती की नाही, मला ठाऊक नाही. मी विचारलंही नाही, कारण त्याचा चेहरा पाहून मला पहिल्यांदा त्याची दया आली. वाईट माणूस नव्हताच तो. इतकी वर्षं वरून हाक द्यायची सवय होती, एवढंच.

सत्यवती परत वर चढली. विटेला पाणी लावलं, दोरी ताणली, करणी उचलली आणि सवयीनं हाक दिली.

"माल!"

मी घमेल्याकडे वाकले आणि तशीच राहिले. कंबरेत चमक भरली होती. "सत्यवती, माझ्यानं होत नाही गं," मी म्हटलं. ती थांबली. पाटावर कालवलेला माल उन्हात आळायला लागला होता. अंगणात तिघंच होतो.

जीवननं फावडं घेतलं. घमेलं भरलं, काठोकाठ, रेजा भरतात तसं. मग ते वर उचललं आणि उघड्या डोक्यावर ठेवलं. ठेवताच त्याचं तोंड वाकडं झालं. घमेल्याच्या बुडाची कड टाळूत रुतली असणार. त्यानं ते कधी डोक्यावर घेतलंच नव्हतं. तो दोन पावलं डुलला, मान ताठ करून, दोन्ही हातांनी घमेलं घट्ट धरून.

"थांबा," सत्यवती म्हणाली.

ती परांचीवरून उतरली. त्याच्या डोक्यावरचं घमेलं काढून खाली ठेवलं. नेपाळपासून कमरेला खोचलेली चुंबळीची पट्टी सोडली, चार पीळ दिले, गोल केली आणि पायाच्या बोटांवर उभी राहून त्याच्या डोक्यावर बसवली. हातानं दोनदा थोपटून ती नीट बसली का पाहिलं.

"आता उचला," ती म्हणाली. "नाईतं संध्याकाळी मान दुखीन."

आणि ती पुन्हा वर चढली.